हिमालयन ४५० की केटीएम ३९० ॲडव्हेंचर? मुंबईत राहून कोकण आणि एकदा तरी स्पिती

सह्यवेडा
नमस्कार मंडळी,
बरेच महिने डोक्यात किडा वळवळतोय, आता बोलतोच. राहायला भांडुप, ऑफिस सीप्झला, सध्या १५० सीसीवर रोज जेव्हीएलआर (जोगेश्वरी विक्रोळी लिंक रोड). आता मोठी गाडी घ्यायची ठरलीये, घरून हिरवा कंदील मिळालाय. यादी छाटत छाटत दोन नावांवर आलोय, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आणि केटीएमची नवीन ३९० ॲडव्हेंचर. उंची ५ फूट ६ इंच. वापर म्हणाल तर आठवड्यातून दोनतीनदा ऑफिस, महिन्यातून एखादी कोकण किंवा घाटाची चक्कर बायको मागे बसवून, आणि पुढच्या जुलैत मित्रांबरोबर हिमाचलात स्पिती.

माझा कल हिमालयनकडे आहे, मित्र म्हणतात वेडा आहेस, केटीएम घे. यूट्यूबवर बघून बघून डोळे दुखले, पण तिथले सगळे सहा फुटी आणि रिकाम्या रस्त्यावर चालवतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांनी या गाड्या वापरल्यात त्यांनी सांगा. बजेट ऑन रोड चार, ताणून साडेचार.

टाकीफुल
दोन्ही घे, एक माझ्याकडे ठेव. पार्किंगचे पैसे घेणार नाही.

अभियंता_ठाणे
आधी कागदावरचं बघून घेऊ, मग बाकीचे अनुभव सांगतीलच.

हिमालयनचं इंजिन ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, ४० एनएम टॉर्क म्हणजे ओढ. केटीएम ३९९ सीसी, ४६ पीएस, ३९ एनएम. लोक पीएस बघतात आणि म्हणतात केटीएम जोरात, विषय संपला. पण टॉर्क कुठे मिळतो ते बघ. हिमालयनचा पूर्ण टॉर्क साडेपाच हजार आरपीएमला येतो, केटीएमचा साडेसहा हजाराला. म्हणजे मागे माणूस, दोन बॅगा आणि समोर चढ असेल तर हिमालयनला तेवढं पिळावं लागत नाही. उलट गाडी एकट्याने उडवायची असेल तर केटीएमला वरच्या आरपीएममध्ये जी मजा आहे ती हिमालयनमध्ये नाही, हेही तितकंच खरं.

वजन मात्र सगळ्यात महत्त्वाचं. हिमालयन १९६ किलो, केटीएम १८३ च्या आसपास, दोन्ही पेट्रोलसकट. तेरा किलोचा फरक चालत्या गाडीत कळत नाही, पण सोसायटीच्या स्टिल्टमधून उलटी ढकलत बाहेर काढताना कळतो. तुझ्याकडे पार्किंगला उतार आहे का? हे आधी सांग.

टाकी १७ लिटर विरुद्ध साडेचौदा. सस्पेन्शन ट्रॅव्हल दोन्हीकडे २०० मिमीच्या घरात. पण केटीएमचं पुढचं सस्पेन्शन कॉम्प्रेशन (दबणं) आणि रिबाउंड (परत उसळणं) दोन्हीला ॲडजस्ट होतं, हिमालयनचं पुढचं शोवा जसं येतं तसंच वापरायचं, मागे फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण. क्रूझ कंट्रोल, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक सुटू न देणारा), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर टाकता येतो), वळणातही चालणारं कॉर्नरिंग एबीएस हे सगळं केटीएमला. हिमालयनला यातलं काही नाही, मागचं एबीएस बंद करता येतं तेवढं. किंमत आली तेव्हा हिमालयन नोव्हेंबर २०२३ ला २.६९ लाखापासून होती आणि केटीएम जानेवारी २०२५ ला ३.६८ लाख, दोन्ही एक्स शोरूम. आत्ताचे भाव शोरूमला विचार, मधे बरंच वरखाली झालंय.

पार्लेकर
ठाणेकरांनी मोजून मापून लिहिलंय. पण मुंबईकराने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. इथे ४६ पीएस वापरायचे कुठे? सी लिंकवर बाईक नाही. कोस्टल रोडवर नाही. ईस्टर्न फ्रीवेवर नाही. अटल सेतू २०२४ ला उघडला, तिथेही नाही. पुण्याला एक्सप्रेसवेने नाही. समृद्धी पूर्ण झाला, तोही आपल्याला बंद. जो जो चांगला रस्ता झाला त्याच्या तोंडाशी आपल्यासाठी लाल गोल पाटी. मग राहिलं काय तर सायन पनवेल, जुना हायवे, घोडबंदर, आणि गोव्याचा रस्ता. या रस्त्यांवर ताशी ८० ते १०० च्या वर ज्याला जायचंय त्याने जावं, मी जात नाही. सहावा गिअर, नव्वदचा वेग, गाडी थरथरत नाही ना, हात बधिर होत नाहीत ना, एवढंच बघायचं. दोन्ही गाड्या ते आरामात करतात.

म्हणून स्पेक शीट घरी ठेव आणि ऑक्टोबरच्या उन्हात कांजूरमार्गच्या सिग्नलला दोन्ही गाड्यांवर पंधरा मिनिटं बसून बघ. दोन्ही लिक्विड कूल्ड आहेत, फॅन सुरू झाला की गरम वारा पायावर येणारच. कोणाला जास्त लागतो ते तुझ्या पायांच्या ठेवणीवर आहे, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.

घाटमाथा७
पार्लेकर +१. अटल सेतूचा विषय काढलात आणि जखमेवर मीठ चोळलंत. साडेचारशे सीसीची गाडी, एबीएस सगळं आहे, टॅक्स भरतो, आणि खाडीपलीकडे जायला वाशीच्या पुलावर ट्रकच्या मागे धूर खात उभं राहायचं.

कोळीवाडा
वाऱ्याचं काय पण? समुद्रावर बावीस किलोमीटरच्या सेतूमधला सोळा साडेसोळाचा भाग पाण्यावर आहे. पावसाळ्यात आडवा वारा सुटला की हलकी स्कूटर लेनच्या बाहेर फेकली जाईल. मी रोज समुद्र बघतो म्हणून सांगतोय. बंदी मला पटते.

घाटमाथा७
मग पावसाळ्यात बंद ठेवा की, आठ महिने तर द्या. आणि १२५ ची स्कूटर आणि दोनशे किलोची गाडी एका मापाने का मोजायची?

कोळीवाडा
टोलनाक्यावर कोण वजन करत बसणार भाऊ. जाऊ दे, आपल्याला भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे. बाईक आत, आपण वर डेकवर, तासाभरात मांडवा. २०२० पासून चालू आहे. पनवेल, वडखळ सगळं वाचतं आणि अलिबागवरून सरळ खाली.

वैदेही_डोंबिवली
जेट्टीचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव लिहिते, कारण उंचीचा प्रश्न खरा तिथेच येतो.

मी ५ फूट ४, माझ्याकडे हिमालयन ४५० आहे, कंपनीची कमी उंचीची सीट बसवून घेतलीये. नेहमीची सीट ८२५ मिमी, वर केली तर ८४५, आणि लो सीटने ८०५ पर्यंत येते. केटीएमची ८३०. जुनी ३९० ॲडव्हेंचर ८५५ होती, ती माझ्यासारखीला नकोच होती, नवीन बरीच खाली आलीये. कागदावर ८२५ आणि ८३० म्हणजे सारखंच. पण सीट पुढे किती निमुळती आहे त्यावर पाय टेकतो की नाही ते ठरतं, म्हणून बसूनच बघा, आणि जे बूट घालून चालवणार तेच घालून जा.

आता जेट्टी. आम्ही किनाऱ्याने खाली जातो, आगरदांडा दिघी, मग बागमांडला वेसवी, मग दाभोळ धोपावे, पुढे तवसाळ जयगड. प्रत्येक ठिकाणी फेरी बोटीचा लोखंडी पत्रा धक्क्यावर आपटून टेकवतात. भरतीला तो जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला चांगलाच उतार. पत्र्यावर आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात, त्या गाड्यांनी घासून गुळगुळीत झाल्यात, वर खारं पाणी आणि धक्क्याच्या शेवटच्या दोन हातांवर हिरवं शेवाळ. पुढचं चाक पत्र्यावर चढलं, मागचं अजून शेवाळावर, आणि नेमकं तेव्हाच पुढचा टेम्पो थांबतो. त्या क्षणाला दोन्ही पाय टेकत नसतील तर गाडी गेलीच. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, आणि नजर बोटीच्या आतल्या भिंतीवर. बोटीवरची मुलं हात द्यायला येतात, त्यांना हँडल धरू देऊ नका, मागच्या कॅरियरला धरायला सांगा.

इथे मला हिमालयनचं वजन खाली असल्यासारखं वाटतं, भीती कमी वाटते. केटीएम हलकी आहे पण क्लच सोडला की झटकन उत्तर देते, अशा जागी मला ते नको असतं. हे माझं मत, कोणाला उलट वाटू शकतं.

आणि दादा, बायको मागे असेल तर पत्र्यावर चढायच्या आधी तिला उतरवा. ती तिकीट काढेल तोवर तुम्ही गाडी लावून मोकळे.

टाकीफुल
तिकीटही तिनेच काढायचं, ही आयडिया आवडली.

खाडीपलीकडचा
केटीएमवाल्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लॉगिन केलं. नेरूळला राहतो, नवीन ३९० ॲडव्हेंचर आहे, आधी तिचीच ३७३ सीसीवाली होती.

वैदेहीताई, झटकन उत्तर देते ते जुन्या गाडीला लागू होतं. जुनी खालच्या आरपीएमला खरंच खेचाखेच करायची, दुसऱ्या गिअरवर पंचवीसने जाताना हिसके द्यायची. ३९९ वाल्या इंजिनमध्ये ते बरंच सुधारलंय. आणि रेन मोड आहे की, जेट्टीवर रेन मोड टाका, गाडी शांत.

उलट हिमालयनबद्दल कोणी बोलत नाही ते मी बोलतो. तीन हजाराच्या खाली ती पण सुस्त आहे. स्पीडब्रेकरवर तिसऱ्या गिअरमध्ये गेलात तर ती कुरकुरते, दुसरा टाकावाच लागतो. साडेचारशे सीसी म्हणून जुन्या ४११ सारखी वाटेल त्या गिअरमध्ये ओढेल असं समजून लोक घेतात. ४११ फक्त २४ पीएसची होती पण खालून ओढायची. ४५० चा स्वभाव वेगळा आहे.

ट्रॅक्शन कंट्रोलची किंमत पावसात कळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर काय असतं? सिमेंटच्या रस्त्यावरून अचानक पेव्हर ब्लॉक, मग मेट्रोच्या कामाची लोखंडी प्लेट, मग खडी. जेव्हीएलआरला तर रोजचंच. मागचं चाक प्लेटवर सुटलं की गाडी स्वतः सावरून घेते, हे मला लाखमोलाचं वाटतं. तेवढ्यासाठी वरचे पैसे गेले तर गेले.

अभियंता_ठाणे
तीन हजाराचा मुद्दा बरोबर, मी लिहायला हवा होता. साडेपाच हजारला पूर्ण टॉर्क याचा अर्थ दोन हजारला मिळतो असा नाही. क्लच मात्र दोन्हीचा स्लिप असिस्टवाला, हाताला हलका आहे.

जुना_शिलेदार
पोरांनो, वेगळं बोलतो. सह्यवेडा, तुझ्या वापरातला किती भाग खरोखर साडेचारशेचा आहे? ऑफिस, कोकण, बायको. स्पिती एकदाच. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स बघ, २५० सीसी, १६७ किलो. नाहीतर हीरोची एक्सपल्स. आणि सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा हिशोब बदलला, ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्याच्या वर ४०. आधी २८ आणि ३१ होता. म्हणजे लहान गाडी आणि मोठ्या गाडीतली दरी आणखी रुंद झाली. वाचलेल्या पैशात चांगलं जॅकेट, बूट, हेल्मेट, बायकोसाठीही तसंच सगळं, आणि स्पितीचा खर्च निघतो. मागे बसणारीला साधं अर्धं हेल्मेट देऊन नेणारे बघतो तेव्हा माझं डोकं फिरतं.

स्पितीला लोक शंभर सीसीवर जाऊन आलेत. रस्ता गाडीला अडवत नाही, घाई अडवते.

घाटमाथा७
काका, व्ही-स्ट्रॉम गाडी चांगलीच आहे, पण तिला पुढे १९ इंचाचं चाक आणि ग्राउंड क्लिअरन्स २०५. मनालीहून स्पितीला जाताना ग्राम्फू ते बाटल पट्ट्यात फुटबॉलएवढे गोटे आणि वरून वाहणारे नाले. २१ इंचाचं चाक तिथे गोट्यावरून निघून जातं.

जुना_शिलेदार
मान्य. पण तो पट्टा म्हणजे एक दिवस. बाकीचं वर्ष मुंबईत. २१ इंच आणि बारीक टायर शहरात वळवताना जडच वाटतं. केटीएममध्येच ३९० ॲडव्हेंचर एक्स आहे, १९ आणि १७ ची अलॉय चाकं, ट्यूबलेस, आली तेव्हा २.९१ लाख होती. तिचं कोणी नावच घेत नाहीये.

सह्यवेडा
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. उत्तरं देतो.
१. पार्किंगला उतार आहे, चांगलाच. बाहेर निघताना चढ.
२. शिलेदार काका, २५० चालवून बघितली, मस्त आहे, पण दोघं आणि सामान घेऊन वरंध्याला चढताना मला कमी पडली. मन साडेचारशेवर गेलंय ते आता परत येत नाही. जॅकेट बुटाचा सल्ला मात्र आजच अमलात आणतोय, दोघांसाठी.
३. एक्सचं नाव खरंच डोक्यात नव्हतं.
एक नवीन प्रश्न: पंक्चर. हिमालयनला स्पोक चाकं, मग वाटेत पंक्चर झाली तर?

पार्लेकर
हिमालयन आली तेव्हा ट्यूबचीच होती, २०२४ मध्ये ट्यूबलेस स्पोकचा पर्याय दिला. थोडे पैसे जास्त जातात, डोळे मिटून तोच घे. ट्यूब असली की चाक काढा, टायर रिमवरून उतरवा, रात्री माणगावजवळ हे करायला माणूस कुठे शोधणार. ट्यूबलेस असेल तर सीटखाली पट्ट्या, सुई आणि छोटा पंप, वीस मिनिटांत आपणच. सेकंड हँड घेणाऱ्यांनी तर कुठलं रिम आहे ते आधी विचारावं, नुसत्या फोटोवर विसंबू नये.

राजापूरवासी
मी मुंबई राजापूर बाईकनेच करतो, गणपती, शिमगा, आंबे, सगळं. गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, आमच्या घरातली लहान पोरं कॉलेजला गेली. आता बराच रस्ता चांगला झालाय, पण मधेच चौपदरी संपून मातीचं डायव्हर्जन लागतं ते रात्री समजतच नाही. त्या ठिकाणी पुढचं २१ इंची चाक आणि लांब सस्पेन्शन हेच हवं. दोन्हीपैकी कुठलीही घे, हेडलाइटला जोडी म्हणून फॉग लॅम्प लाव, पण पिवळे आणि खाली बघणारे. समोरच्याचे डोळे फोडणारे पांढरे लावू नकोस, आपणही त्याच रस्त्याने परत यायचं असतं.

आणि खारी हवा. कोकणातून आलं की दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, स्पोक आणि त्यांचे निपल नीट, मग चेनला वंगण. जेट्टीवर उडालेलं पाणी आठवडाभर तसंच ठेवलं की स्पोकवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. पावसाळ्यात चेन दर चारपाचशे किलोमीटरला बघायचीच.

कोळीवाडा
निपलला जुना टूथब्रश. बाजारातलं महागडं ब्रशचं पाकीट घेऊ नका.

नवखा_बोरिवली
मधेच विचारतो, केटीएम कंपनी बुडाली ना? मग स्पेअर मिळतील का?

खाडीपलीकडचा
ऑस्ट्रियातल्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ ला कर्जाच्या फेरमांडणीसाठी अर्ज केला होता, त्यातून तिला बजाजने बाहेर काढलं. आपली ३९० पुण्याजवळ चाकणला बजाजच्याच कारखान्यात बनते. त्यामुळे पार्टची काळजी मला तरी वाटत नाही. सर्व्हिसचं म्हणशील तर ब्रँड बघू नकोस, सेंटर बघ. मागे एका सर्व्हिस सेंटरने, नाव नाही घेत, माझी आधीची गाडी चेन इतकी ताणून दिली की घरी पोचेपर्यंत मागून कण्हल्यासारखा आवाज. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना तिथेच साइड स्टँडवर चेनची ढिल हाताने बघतो, टायरची हवा बघतो, मग सही. प्रत्येकाने हे करावं.

घाटमाथा७
स्पितीवर कोणी नीट बोलेल का? तिथलं गणित वेगळं आहे. साडेचार हजार मीटरवर हवा जवळपास चाळीस टक्के विरळ. म्हणजे ४६ पीएस असो की ४०, दोन्हीचं इंजिन तिथे धापा टाकतं. स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीला चढताना पहिल्या दुसऱ्या गिअरवरच काम. फ्युएल इंजेक्शन असल्याने मिश्रण आपोआप बदलतं, जुन्या कार्ब्युरेटरसारखं जेट बदलत बसावं लागत नाही, पण गेलेली ताकद काही परत येत नाही. तिथे हलकी गाडी जास्त कामाची की कमी आरपीएमला ओढणारी, यावर माझं मत हलकीच्या बाजूने आहे. नाल्यात पडली तर उचलायची आपल्यालाच असते, आणि त्या उंचीवर स्वतःचाही दम निम्मा झालेला असतो.

वैदेही_डोंबिवली
उचलायची पद्धत असते हो. पाठ गाडीकडे, एक हात हँडलला, दुसरा मागच्या फ्रेमला, गुडघ्यात वाकून पायांनी रेटत उलट्या पावली चालायचं. गाडी गिअरमध्ये, आणि उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी काढून ठेवायचा. मी माझी एकटीने उचलते. मोकळ्या मैदानात गादीवर पाडून एकदा सराव करा, दोन्ही बाजूंनी.

अभियंता_ठाणे
टाकीचं गणित तर सांगायलाच हवं. स्पितीत काझ्याला पंप आहे, मनाली काझा दोनशेच्या आत, त्यामुळे स्पितीला कुठलीही चालेल. पण स्पितीला गेलेला माणूस पुढच्या वर्षी लेहला जातोच. मनाली लेह रस्त्यावर तंडीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. घाटात खालच्या गिअरवर जड सामानाने पंचवीसचं ॲव्हरेज धरलं तर ३६५ ला १४.६ लिटर लागतात. केटीएमची टाकी साडेचौदा. हिमालयनमध्ये दोन अडीच लिटर उरतात. केटीएम घेतलीस तर पाच लिटरचा कॅन बांधायचा, त्यात काय मोठंसं नाही, पण माहीत असावं.

खाडीपलीकडचा
तिशीचं ॲव्हरेज मिळतं मला मोकळ्या रस्त्यावर. पण घाटात मिळेल असं छातीठोकपणे नाही सांगणार. कॅन बांधायचाच.

टाकीफुल
माझ्या नावाचा धागा चालू आहे आणि मलाच कोणी विचारत नाही! माझं मत, टाकी मोठी ती गाडी चांगली. मुंबईत पंपावर उभं राहण्यात जितका वेळ जातो तितक्यात मुलुंड ओलांडून होतं.

पार्लेकर
स्पितीला मुंबईहून चालवत जाणार का? मी तर म्हणेन बांद्रा टर्मिनसवरून गाडी चंदीगडला रेल्वे पार्सलने टाका. टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स, आणि स्टेशनवर पॅकिंगवाले असतात ते गोणपाट आणि पुठ्ठ्याने बांधतात. आरसे आणि मोबाइल होल्डर घरीच काढा. हिमालयनचा गोल डिस्प्ले किंवा केटीएमचा पाच इंची टीएफटी, त्यावर जाड फोम आपणच बांधून द्या, त्यांच्यावर सोडू नका. तुम्ही ज्या ट्रेनने जाताय त्याच ट्रेनमध्ये बाईकही चढली असं धरून चालू नका, एक दिवस हातात ठेवा.

डिस्प्लेवरून आठवलं, हिमालयनवर गुगलचा पूर्ण नकाशा दिसतो ही खूप कामाची गोष्ट. रत्नागिरीच्या आतल्या वाड्यांमध्ये फिरताना नुसत्या बाणापेक्षा नकाशा बरा. फोनची बॅटरी मात्र भराभर खातं, तेव्हा चार्जिंगची वायर लावूनच ठेवायची.

सह्यवेडा
मंडळी, शनिवारी दोन्हींची टेस्ट राइड घेतली, लागोपाठ, बायकोला मागे बसवून. शोरूमवाला म्हणत होता एकटे जा, मी हट्ट धरला.

केटीएम चालवायला जबरदस्त. गांधीनगरच्या पुलावर दुसऱ्यातून तिसरा क्लच न दाबता टाकला तेव्हा हेल्मेटमध्ये हसू आलं. पण मागून आवाज आला, "गुडघे दुखतायत आणि धरायला नीट जागा नाही." हिमालयनवर ती गप्प होती, उतरल्यावर म्हणाली यावर गणपतीपुळ्याला जाऊ शकते. मला स्वतःला हिमालयन सिग्नलला थोडी जड वाटली, पण एकदा हलली की जडपणा गेला. पार्किंगच्या चढावर ढकलून बघायला मित्राची हिमालयन मागितली. जमतं, पण पेट्रोल फुल असताना मजेशीर नाही. म्हणून उलटी लावायची, तोंड बाहेर, म्हणजे सकाळी इंजिनवर बाहेर निघता येईल.

ट्रॅक्शन कंट्रोल नाही याचं वाईट वाटतंय, खाडीपलीकडच्यांचं म्हणणं पटलंय. तरी हिमालयनच बुक करतोय, ट्यूबलेस रिमवाली. महिन्यातून एकदा दोघांनी जायचंय, आणि मागच्या सीटवरचं मत माझ्यापेक्षा जास्त मोजायला हवं असं मला वाटतं.

खाडीपलीकडचा
अभिनंदन! एकट्याने गेला असतास तर माझ्या बाजूला आला असतास. पावसात लोखंडी प्लेटवर गॅस एकसारखा ठेव, गाडी सरळ उभी, ब्रेक नाही. बाकी भेटू जुन्या हायवेला.

जुना_शिलेदार
मागे बसणारीचं सांगणं ऐकलंस हे उत्तम. दोघांच्या वजनाप्रमाणे मागचा प्रीलोड वाढवून घे, डिलिव्हरीच्या दिवशीच, आणि त्याचा स्पॅनर मागून घे. एकटा जाताना परत कमी कर.

नवखा_बोरिवली
सगळं वाचलं. मी एकटाच चालवतो, उंची ५ फूट ११, मागे कोणी नाही, बोरिवली ते मालशेज दर रविवारी. मग मला केटीएम ना?

घाटमाथा७
हो. पण एक्स नको घेऊस, २१ इंचवाली घे, तुला उंचीची अडचण नाही. आणि मालशेजला पावसाळ्यात दरड कोसळते, निघायच्या आधी घाट चालू आहे का ते बघत जा. सकाळी सातच्या आत मुरबाड ओलांड, नंतर गर्दी.

खाडीपलीकडचा
रविवारी माझी घेऊन बघ. कल्याणला शहाडच्या पुलाखाली पावणेसहाला उभा असतो. हेल्मेट तुझं तू आण, हातमोजे पण.

नवखा_बोरिवली
आलोच. हातमोजे आजच घेतो.